फेरारी ३३० पी४: नियमांनी घडवली, नियमांनी संपवली

फेब्रुवारी २०२५ मध्ये पॅरिसच्या एका लिलावात फेरारीची एक लाल गाडी ३ कोटी ४८ लाख ८० हजार युरोंना विकली गेली. रुपयांत हा आकडा ३०० कोटींच्या वर जातो. गाडी होती २५० एलएम, १९६५ साली फ्रान्समधली ले मान्सची २४ तासांची शर्यत जिंकलेली. त्यानंतर चार महिन्यांनी, जूनमध्ये, त्याच ले मान्सवर फेरारीची ४९९पी सलग तिसऱ्या वर्षी पहिली आली. दोन्ही बातम्या आपल्याकडे आल्या, दोन्हींत ‘प्रोटोटाइप’ हा शब्द होता, आणि तो म्हणजे नेमकं काय हे दोन्हींत कुठेच सांगितलेलं नव्हतं.

प्रोटोटाइप म्हटलं की कारखान्यातला पहिला कच्चा नमुना डोळ्यांसमोर येतो. मग तो शर्यतीत का उतरवतात? जी गाडी कुठल्याच शोरूममध्ये मिळत नाही, जिला नंबरप्लेट लावून रस्त्यावर आणता येत नाही, तिचं इतकं कौतुक कशाला? याचं उत्तर मी एकाच गाडीच्या आधाराने देणार आहे. फेरारी ३३० पी४. नव्याने बांधल्या गेल्या तीन, आणि फेरारीच्या कारखान्याकडून त्या जेमतेम एक हंगाम धावल्या. तरीही माझ्या मते मोटार शर्यतींच्या इतिहासात इतकं सांगण्यासारखं आयुष्य फार थोड्या गाड्यांना लाभलं.

आधी प्रोटोटाइप म्हणजे काय ते पाहू

शर्यतीच्या गाड्या ढोबळमानाने तीन प्रकारच्या. पहिला प्रकार फॉर्म्युला वनसारखा: एकच जागा, उघडी चाकं, दिवे नाहीत. दुसरा जीटी: कंपनी लोकांना विकते तीच गाडी, शर्यतीसाठी फेरफार केलेली. या गाडीला जीटी म्हणवून घ्यायचं असेल तर ठरावीक संख्येने ती बांधली आहे हे कंपनीला दाखवावं लागतं. या मान्यतेला होमोलोगेशन म्हणतात. १९६०च्या दशकाच्या मध्यात ही संख्या १०० होती.

तिसरा प्रकार प्रोटोटाइपचा. दोन जागा हव्यात, दरवाजे हवेत, दिवे हवेत, त्या काळी तर सोबत स्टेपनीही हवी. म्हणजे कागदावर ती रस्त्यावरची गाडी दिसली पाहिजे. पण किती बांधायच्या यावर अट नाही. एकच बांधा, चालेल. भविष्यात कधीतरी विकली जाऊ शकेल अशा गाडीचा हा ‘नमुना’ आहे, अशी त्यामागची मूळ कल्पना होती. प्रत्यक्षात तो नमुना पुढे कधीच विक्रीला येत नसे, आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं. अभियंत्यांना मात्र त्यातून मोठी मोकळीक मिळाली. गिऱ्हाइकाला परवडेल का, गॅरेजवाल्याला दुरुस्त करता येईल का, सामान कुठे ठेवायचं, यातलं काहीच न पाहता फक्त शर्यतीसाठी गाडी बांधायची.

ही शर्यतही साधी नसते. प्रोटोटाइपचं खरं मैदान म्हणजे लांब पल्ल्याच्या शर्यती: सहा तास, बारा तास, हजार किलोमीटर, आणि सगळ्यांत मोठी ले मान्सची २४ तासांची. १९६७ साली तिथली एक फेरी सुमारे साडेतेरा किलोमीटरची होती आणि त्यातला बराचसा भाग एरवी वाहतुकीचा असलेला सार्वजनिक रस्ता होता. एका गाडीला दोन चालक, ते आळीपाळीने चालवणार. रात्र येते, धुकं येतं, पाऊस येतो, गाडी थांबायची ती पेट्रोल, टायर आणि दुरुस्तीपुरती. २४ तासांत ज्याच्या फेऱ्या जास्त तो जिंकला. इथे नुसता वेग असून भागत नाही, तो वेग गाडीला पहाटेपर्यंत सोसावा लागतो.

नावाचा हिशोब

३३० पी४ हे नाव गूढ वाटतं, पण तो साधा गुणाकार आहे. इंजिनात बारा सिलिंडर, एकेकाची क्षमता सुमारे ३३० घन सेंटिमीटर. बाराने गुणा, की इंजिनाची एकूण क्षमता हाती येते: ३९६७ घन सेंटिमीटर, म्हणजे जवळपास चार लिटर. पी म्हणजे प्रोटोटाइप, आणि ४ म्हणजे त्या मालिकेतली चौथी आवृत्ती.

आजच्या ४९९पीचं नावही याच पद्धतीने पडलं. सहा सिलिंडर, प्रत्येकी जवळपास ४९९, मिळून तीन लिटर. साठ वर्षांनी कंपनीने जुनी रीत मुद्दाम उचलली. मधल्या काळात फेरारीने नावं ठेवायच्या पद्धती अनेकदा बदलल्या, त्यामुळे हा हिशोब प्रत्येक फेरारीला लागू पडेल असं समजू नका. पॅरिसला विकल्या गेलेल्या २५० एलएमलाच तो लागू पडत नाही. नावात २५० असलं तरी इंजिन होतं ३.३ लिटरचं. त्या विसंगतीमागेही एक नियमच आहे. कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारी यांना ही गाडी जीटी म्हणून मान्य करून हवी होती, म्हणून नाव जुन्या जीटीच्या वळणावर ठेवलं. पण बांधल्या होत्या फक्त ३२. मान्यता मिळाली नाही, आणि तिला प्रोटोटाइपांमध्येच धावावं लागलं. तशी धावूनच तिने १९६५चं ले मान्स जिंकलं.

फोर्डशी वैर कुठून आलं?

१९६० ते १९६५ अशी सलग सहा वर्षं ले मान्स फेरारीने जिंकलं. १९६३ची जीत विशेष होती, कारण त्या वर्षीची २५० पी ही इंजिन चालकाच्या मागे असलेली ले मान्सची पहिली विजेती गाडी. त्याच वर्षी अमेरिकेची फोर्ड कंपनी फेरारी विकत घ्यायला आली. बोलणी बरीच पुढे गेली होती, पण शर्यतीच्या विभागावर अंतिम शब्द कुणाचा या मुद्द्यावर एन्झो फेरारी यांनी मे महिन्यात माघार घेतली. फोर्डने मग स्वतःच गाडी बांधून फेरारीला ले मान्सवर हरवायचं ठरवलं.

त्याला तीन वर्षं लागली. १९६६ साली सात लिटरच्या इंजिनाच्या फोर्ड गाड्या ले मान्सवर पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या आल्या. फेरारीच्या ३३० पी३ गाड्यांपैकी एकही शर्यत पूर्ण करू शकली नाही. इटलीतल्या मारानेल्लो गावच्या छोट्या कारखान्यासमोर डेट्रॉइटची प्रचंड कंपनी उभी होती. फेरारीकडे पैसा कमी, माणसं कमी, इंजिन जवळजवळ निम्म्या क्षमतेचं. त्या हिवाळ्यात तिथे जी गाडी तयार झाली ती पी४.

चार लिटरने सात लिटरला कसं गाठायचं?

इंजिनाची ताकद वाढवायचे ढोबळ मार्ग दोन. एक, सिलिंडर मोठे करा, म्हणजे प्रत्येक स्फोटात जास्त इंधन जळेल. हा फोर्डचा मार्ग. दोन, लहान इंजिन जास्त वेगाने फिरवा, म्हणजे त्याच एका मिनिटात स्फोट जास्त होतील. हा फेरारीचा. पण जास्त वेगाने फिरणाऱ्या इंजिनाला तितक्याच वेगाने हवा आत घेता आली पाहिजे, आणि ती येते व्हॉल्व्हमधून.

पी३मध्ये प्रत्येक सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह होते: एक हवा आत घेणारा, एक धूर बाहेर टाकणारा. पी४साठी फ्रांको रोक्की या अभियंत्याने तिसरा जोडला. आत घ्यायला दोन, बाहेर टाकायला एक, असे बारा सिलिंडरांना छत्तीस. ही रचना फेरारीने १९६६च्या सप्टेंबरात फॉर्म्युला वनच्या गाडीवर आणली होती, आणि मोन्झाच्या इटालियन ग्रां प्रीत लुदोविको स्कारफिओत्तीने ती गाडी पहिली आणली होती. तेच तंत्र आता लांब पल्ल्याच्या गाडीत आलं. ल्युकास कंपनीचं इंधन इंजेक्शन, मिनिटाला ८००० फेरे, आणि सुमारे ४५० अश्वशक्ती. पी३पेक्षा साधारण ३० जास्त.

हा आकडा कागदावर मोठा दिसत नाही, फोर्डची ताकद त्याहून जास्तच होती. पण पी४चं वजन ८०० किलोच्या आसपास होतं, फोर्ड बरीच जड होती. हलक्या गाडीचे ब्रेक कमी तापतात, टायर जास्त टिकतात, पेट्रोल कमी लागतं, म्हणजे थांबे कमी. २४ तासांत हे सगळं साठत जातं. मौरो फोर्गिएरी हे तेव्हा जेमतेम तिशीतले, फेरारीच्या शर्यत विभागाचे तांत्रिक प्रमुख. त्यांनी पी३चा जुना गिअरबॉक्स काढून कारखान्याने स्वतः बनवलेला बसवला. सांगाडा पोलादी नळ्यांचा, त्यावर ॲल्युमिनियमचे पत्रे रिव्हेटने जडवलेले. बाहेरचं अंग इतकं ठेंगणं आणि वळणदार होतं की आजही अनेकांच्या यादीत ही जगातली सर्वांत सुंदर शर्यतीची गाडी आहे. माझ्याही. पण त्यातलं एकही वळण शोभेसाठी नव्हतं. पुढच्या चाकांवरचा फुगवटा चाकं झाकायला, मागची कापलेली शेपटी हवेचा ओढा कमी करायला, दरवाजामागची भोकं इंजिनाला आणि ब्रेकला हवा द्यायला.

डेटोना, फेब्रुवारी १९६७

हंगामाची पहिली शर्यत फ्लोरिडात, डेटोनाला, २४ तासांची, फोर्डच्या घरच्या मैदानावर. फेरारीचा संघ डिसेंबरमध्येच तिथे जाऊन सराव करून आला होता. चालकांत एक नवा चेहरा होता: न्यूझीलंडचा ख्रिस एमन. १९६६चं ले मान्स फोर्डसाठी ज्या दोघांनी जिंकलं त्यांतला एक. आता तो फेरारीत आला होता.

फोर्डच्या गाड्या वेगवान होत्या, पण त्यांचे गिअरबॉक्स एकामागून एक निकामी होऊ लागले. आतल्या एका शाफ्टच्या पोलादावर उष्णतेची प्रक्रिया नीट झालेली नव्हती, आणि सगळ्या गाड्यांत त्याच खेपेतले शाफ्ट बसवलेले होते. फेरारीच्या गाड्या मात्र रात्रभर ठरल्या वेगाने धावत राहिल्या. शेवटी लोरेन्झो बांदिनी आणि एमन यांची पी४ पहिली, माइक पार्क्स आणि स्कारफिओत्ती यांची पी४ दुसरी, आणि पेद्रो रॉड्रिगेझ व जॉं गिशे यांची ४१२ पी तिसरी. (४१२ पी म्हणजे खासगी संघांना दिलेली या गाडीची बहीण, इंधन इंजेक्शनऐवजी कार्ब्युरेटर असलेली.) आठ महिन्यांपूर्वी फोर्डने ले मान्सवर आपल्या तीन गाड्या ओळीने रेषेपार नेल्या होत्या. फेरारीने तसंच केलं. तिन्ही गाड्या एकमेकींच्या शेजारी, डेटोनाच्या उतरत्या कडेवरून रेषेकडे येतानाचा तो फोटो आजही मारानेल्लोची ओळख आहे.

या फोटोकडे पाहताना त्यातल्या माणसांचं पुढे काय झालं हेही सांगायला हवं. एप्रिलमध्ये बांदिनी आणि एमन यांनी मोन्झाची १००० किलोमीटरची शर्यतही जिंकली, इटालियन प्रेक्षकांसमोर. दोन आठवडेही उलटले नाहीत तोच बांदिनीला मोनाकोच्या ग्रां प्रीत अपघात झाला, गाडी पेटली, आणि तीन दिवसांनी, १० मे रोजी तो गेला. जूनमध्ये बेल्जियमच्या ग्रां प्रीत पार्क्सच्या पायांना इतकी गंभीर दुखापत झाली की फॉर्म्युला वनमध्ये तो परत उतरला नाही. स्कारफिओत्ती पुढच्या वर्षी जर्मनीत एका डोंगरचढणीच्या शर्यतीच्या सरावात मेला. डेटोनाला दोन पी४ चालवणाऱ्या चौघांपैकी एकटा एमन म्हातारपणापर्यंत जगला, २०१६ पर्यंत. त्या काळच्या वेगाची ही किंमत होती. पुढे नियम बदलले तेव्हा त्यामागे हीच भीती होती, हे ध्यानात ठेवून पुढचा भाग वाचावा.

“पण ले मान्स तर फोर्डनेच जिंकलं ना?”

हा आक्षेप नेहमी येतो, आणि तो खरा आहे. जून १९६७ मध्ये डॅन गर्नी आणि ए. जे. फॉइट यांच्या फोर्ड मार्क फोरने ३८८ फेऱ्या पूर्ण केल्या, सरासरी वेग ताशी २१८ किलोमीटर. पार्क्स आणि स्कारफिओत्ती यांची पी४ चार फेऱ्या मागे, दुसरी. तिसरीही पी४च होती, बेल्जियमच्या खासगी संघाची. (विजेत्याने शँपेन सगळ्यांवर उडवायची प्रथा गर्नीने त्या दिवशी सुरू केली, ती आजतागायत चालू आहे.)

म्हणजे ले मान्स हातचं गेलं. पण तेव्हा जागतिक अजिंक्यपद एका शर्यतीवर ठरत नव्हतं, हंगामभराच्या गुणांवर ठरत होतं. तो हंगाम सोपा नव्हता. सिसिलीच्या टार्गा फ्लोरियोत, डोंगरातल्या अरुंद रस्त्यांवर, निनो वाकारेला या स्थानिक वीराची पी४ सुरुवातीलाच कोलेसानो गावात भिंतीला धडकली. तिथे आणि नंतर जर्मनीच्या नुर्बुर्गरिंगवर पोर्शेच्या छोट्या, चपळ गाड्या जिंकल्या. शेवटची शर्यत ३० जुलैला इंग्लंडच्या ब्रँड्स हॅचवर, सहा तासांची. अमेरिकेची चॅपरल गाडी पहिली आली, पण अजिंक्यपदाचा निकाल लागणार होता तो तिच्या मागे. एमन आणि जॅकी स्टुअर्ट यांची पी४ दुसरी, पोर्शे तिसरी. अंतिम गुण: फेरारी ३४, पोर्शे ३२.

दोन गुण. सात लिटरच्या फोर्डशी एका बाजूला आणि दोन लिटरच्या पोर्शेशी दुसऱ्या बाजूला झुंजून, हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या गाड्यांनिशी मिळवलेलं हे अजिंक्यपद आहे. ले मान्सच्या एका निकालावरून पी४ हरली असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

मग ती पुढच्या वर्षी का धावली नाही?

ले मान्सच्या सरळ रस्त्यावर फोर्डचा वेग ताशी ३४० किलोमीटरपर्यंत पोहोचला होता. नियम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने १९६७च्या उन्हाळ्यात जाहीर केलं की १९६८ पासून प्रोटोटाइपच्या इंजिनाला तीन लिटरची मर्यादा. त्याहून मोठं इंजिन हवं असेल तर पाच लिटरपर्यंत परवानगी, पण त्या ‘स्पोर्ट्स’ गटात यायचं तर किमान ५० गाड्या बांधलेल्या हव्यात.

आता पी४ या नियमात बसवून पाहा. इंजिन चार लिटर, म्हणजे प्रोटोटाइप गटातून बाद. बांधलेल्या मूठभर, म्हणजे स्पोर्ट्स गटातूनही बाद. गाडीत काही दोष निघाला नव्हता, कुणी तिच्याहून चांगली गाडी काढली नव्हती. कागदावरची एक ओळ बदलली आणि जागतिक विजेती गाडी एका रात्रीत कालबाह्य झाली.

याहून बोचरी गोष्ट पुढे आहे. हा नियम फोर्डच्या सात लिटर इंजिनांना आळा घालायला आणला, असंच तेव्हा सगळे समजत होते. पण फोर्डची जुनी, लहान इंजिनाची जीटी४० ही ५०हून जास्त संख्येने आधीच बांधलेली होती. ती थेट स्पोर्ट्स गटात बसली. इंग्लंडच्या जॉन वायर यांच्या संघाने तिच्याच जोरावर १९६८ आणि १९६९ अशी दोन्ही वर्षं ले मान्स जिंकलं, तेही एकाच गाडीने. ज्याला आवरायला नियम केला तो जिंकत राहिला, आणि चार लिटरवाली फेरारी घरी बसली. एन्झो फेरारी यांनी निषेध म्हणून १९६८ साली प्रोटोटाइपच्या शर्यतींकडे पाठ फिरवली. त्यांचा राग मला समजतो.

५०ची अट नंतर २५वर आली. पोर्शेने त्याचा फायदा घेत १९६९च्या एप्रिलमध्ये २५ नव्या ९१७ गाड्या कारखान्याच्या आवारात ओळीने उभ्या करून निरीक्षकांना दाखवल्या. फेरारीलाही तसंच करायचं तर पैसा हवा होता. तो आला फियाटकडून, जिने त्याच वर्षी फेरारीचा निम्मा हिस्सा घेतला. त्यातून ५१२ एस आली. पुढे तीन लिटरच्या ३१२ पीबीने १९७२ साली उतरली ती प्रत्येक अजिंक्यपद शर्यत जिंकली, पण ले मान्सला फेरारी त्या वर्षी गेलीच नाही. १९७३ नंतर कारखान्याने सगळं बळ फॉर्म्युला वनला द्यायचं ठरवलं, आणि ले मान्सच्या वरच्या गटात तो परतला थेट २०२३ साली, पन्नास वर्षांनी.

त्या गाड्यांचं काय झालं?

शर्यत संघाच्या दृष्टीने हंगाम संपलेली गाडी म्हणजे सुट्या भागांचा साठा. दोन पी४ गाड्यांचं छप्पर कापून त्या उघड्या केल्या, इंजिन ४.२ लिटरचं केलं आणि अमेरिकेतल्या कॅन-ॲम शर्यतींना पाठवल्या. तिथे त्यांचा टिकाव लागला नाही.

सगळ्यांत गुंतागुंतीची कहाणी चॅसी नंबर ०८४६ची. आपल्या गाडीच्या आरसी बुकात जसा चॅसी नंबर असतो तसाच हा, सांगाड्यावर ठोकलेला. ०८४६ ही १९६६ साली पी३ म्हणून धावली, मग तिला पी४चं इंजिन आणि बाकी सुधारणा मिळाल्या, आणि डेटोनाची ती ऐतिहासिक शर्यत जिंकणारी बांदिनी-एमन यांची गाडी हीच. जूनमध्ये ले मान्सवर एमन रात्री ती चालवत असताना टायर पंक्चर झाला. सोबत स्टेपनी होती, पण अंधारात चाक बदलायचा प्रयत्न फसला. तशीच गाडी पिटकडे, म्हणजे संघाच्या दुरुस्तीच्या जागेकडे, आणताना रिम रस्त्यावर घासून ठिणग्या उडाल्या आणि गाडी पेटली. एमन उडी मारून वाचला. फेरारीच्या नोंदीप्रमाणे ०८४६ त्यानंतर मोडीत निघाली, आणि तो नंबर संपला.

तेहतीस वर्षांनी, २००० साली, एका अमेरिकन संग्राहकाने पी४ची प्रतिकृती समजली जाणारी एक गाडी घेतली. ती उघडून पाहिल्यावर त्याचा दावा असा की आतला सांगाडा ०८४६चाच आहे: जुने जोड, पी३वरून पी४ करताना पाडलेली भोकं, अपघाताच्या दुरुस्तीच्या खुणा, सगळं जुळतं. फेरारी कंपनीला हे मान्य नाही.

वाद समजायला एक आपल्या ओळखीची गोष्ट घेऊ. गावातल्या जुन्या देवळाचा जीर्णोद्धार होतो. एका पिढीत सभामंडप नवा होतो, दुसऱ्या पिढीत शिखर, कधी गाभाऱ्याचे दगडही बदलतात. तरी गावाच्या लेखी देऊळ तेच असतं, कारण पूजा कधी थांबलेली नसते. पण मूळ देऊळ पडून गेलं, त्याचे चार दगड कुणी दुसऱ्या गावी नेले आणि त्यांवर नवं देऊळ उभं केलं, तर ते जुनं म्हणायचं की नवं? ०८४६चा वाद नेमका इथे अडकतो. एका बाजूचं म्हणणं, दगड खरे आहेत. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, मधली परंपरा तुटली. मला स्वतःला सांगाडा खरा असेल तर गाडी खरी वाटते, कारण शर्यतीच्या गाडीचं इंजिन, पत्रे, गिअरबॉक्स हे तर धावत असतानाही शर्यतीगणिक बदलले जातात. सांगाडा तेवढा मागे उरतो. पण कंपनीने ‘हा नंबर आम्ही संपवला’ असं नोंदवून ठेवलं असेल तर त्या नोंदीलाही वजन आहे, हे नाकारता येत नाही.

“हा शेवटी श्रीमंतांचाच खेळ. इतकी किंमत कशासाठी?”

किंमत ठरते ती तीन गोष्टींवर: किती उरल्या, काय जिंकल्या, आणि कागदपत्रं किती अखंड आहेत. २५० एलएमच्या बाजूने तिन्ही गोष्टी होत्या. लिलावापूर्वी ती अनेक दशकं अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या शर्यत संग्रहालयात होती, त्यामुळे तिच्या इतिहासात कुठे खंड नव्हता. ऑगस्ट २०२३ मध्ये कॅलिफोर्नियात एक ४१२ पी तीन कोटी डॉलरवर गेली, आणि ती तर खासगी संघाची गाडी होती. यावरून अस्सल पी४ बाजारात आली तर काय होईल याचा अंदाज यावा.

हा पैसा मोठ्या धनिकांचाच आहे, यात वाद नाही. मला खटकतं ते वेगळंच: किंमत वाढली की गाडी बंद खोलीत जाते. पी४ ज्या कारणासाठी बांधली ते कारण धावल्याशिवाय दिसत नाही. त्यामुळे जे मालक आजही आपली गाडी जुन्या गाड्यांच्या शर्यतींना घेऊन जातात, तिचं बारा सिलिंडरचं इंजिन आठ हजार फेऱ्यांपर्यंत फिरवतात, त्यांचे उपकार मानावेत.

“आज तर सगळ्यांना सारखीच ताकद देतात, मग शर्यत कसली?”

४९९पी ज्या ‘हायपरकार’ गटात धावते तिथे एक व्यवस्था आहे, तिला ताकदीचा समतोल म्हणू. शर्यतीआधी नियमन मंडळ प्रत्येक गाडीला किमान वजन आणि कमाल ताकद ठरवून देतं: साधारण ५०० किलोवॅटच्या आणि १०३० किलोच्या आसपास. जी गाडी फार पुढे जाते तिला थोडं वजन वाढवून किंवा ताकद कमी करून देतात. ४९९पीत तीन लिटरचं टर्बो इंजिन आहे आणि पुढच्या चाकांना २०० किलोवॅटची विजेची मोटर. पण ती मोटर कधी, कोणत्या वेगापुढे वापरायची, हेही नियमच सांगतो.

जुन्या चाहत्यांना हे पटत नाही. रोक्कींनी तिसरा व्हॉल्व्ह जोडला त्या काळात कुणी म्हणालं असतं की ‘फेरारी फार वेगवान झाली, तिच्यावर २० किलो टाका’, तर एन्झो फेरारी यांनी गाड्या परत नेल्या असत्या. मलाही अभियंत्यांची ती मोकळीक हवीशी वाटते. पण १९६७चा अनुभव दुसरी बाजूही दाखवतो. मोकळीक होती तेव्हा खर्चाला सीमा नव्हती, वेगाला सीमा नव्हती, आणि मग समितीला कुऱ्हाडच चालवावी लागली. आज गाडीला मान्यता मिळते ती अनेक वर्षांसाठी. त्यामुळे ४९९पी २०२३ला जिंकली, २०२४ला जिंकली, आणि २०२५ला तर कारखान्याची नव्हे, पिवळ्या रंगाची खासगी संघाची गाडी जिंकली. पी४ला दुसरा हंगामही मिळाला नव्हता. समतोलाच्या नियमामुळेच कंपन्यांना या गटात उतरणं परवडतं, आणि अलीकडच्या वर्षांत तिथे फेरारी, टोयोटा, पोर्शे, बीएमडब्ल्यू, कॅडिलॅक अशी नावं एकमेकांशी भिडताना दिसली आहेत. १९७३ साली ज्या गटातून फेरारी बाहेर पडली तो गट पुन्हा भरला.

जानेवारी २०२५ मध्ये फोर्डनेही जाहीर केलं की २०२७ पासून ती याच वरच्या गटात, आपल्या स्वतःच्या प्रोटोटाइपसह, ले मान्सला उतरणार. या वेळी सात लिटर विरुद्ध चार लिटर असा सामना होणार नाही. दोघांना वजन आणि ताकदीचे आकडे एकच मंडळ देईल, आणि फरक दिसेल तो पिटमधल्या सेकंदांत, टायर जपण्यात, आणि पहाटे चारला, धुक्यात, चालक किती चुका टाळतो यात.